फ्रान्सच्या नसलेल्या गादीचे वारसदार: वाद नेमका कशाचा आहे?

प्रश्न — चौकस

फ्रान्समध्ये १८७० नंतर एकही राजा किंवा सम्राट गादीवर बसलेला नाही. तरीही आज तेथे तीन गृहस्थ असे आहेत, ज्यांना त्यांचे अनुयायी त्या गादीचे खरे हक्कदार मानतात. पहिले लुई आल्फोन्स द बूर्बाँ. त्यांचा जन्म १९७४ साली माद्रिदमध्ये झाला, आईकडून ते स्पेनच्या जनरल फ्रँकोचे पणतू लागतात आणि अनुयायी त्यांचा उल्लेख 'विसावा लुई' असा करतात. दुसरे १९६५ साली जन्मलेले जाँ द ऑर्लेआँ. वडील वारल्यावर २०१९ पासून ते 'काउंट ऑफ पॅरिस' हा किताब लावतात. तिसरे जाँ-ख्रिस्तोफ नेपोलियन. ते १९८६ सालचे आणि पहिल्या नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम याच्या वंशातले.

बोनापार्ट हे घराणेच निराळे असल्यामुळे तो दावा निदान समजतो. पहिल्या दोघांचे कोडे मात्र सुटत नाही. दोघेही तेराव्या लुईचे पुरुषपरंपरेतले वंशज आहेत. आपल्याकडे गादीचे तंटे झाले ते बहुधा दत्तकविधान खरे की खोटे, औरस कोण, थोरला कोण, यांवरून. येथे वंशावळीबद्दल दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत दिसते, कोणी कोणाच्या जन्मावर शंका घेत नाही, आणि तरीही शंभर-सव्वाशे वर्षे भांडण चालू आहे. ते नेमके कशाचे आहे? सरकारदरबारी किंवा न्यायालयात त्याचा कधी सोक्षमोक्ष लागला का? आणि १८७० नंतर राजेशाही परत येण्याची खरी संधी आली होती असे ओझरते वाचले होते. ती याच भाऊबंदकीमुळे हुकली का? जाणकारांनी सविस्तर लिहावे. या मंडळींपैकी कोण गादीला शोभेल यात मला रस नाही. दाव्यांचा आधार समजून घ्यायचा आहे.

प्रतिसाद — दप्तरदार

आपला अंदाज बरोबर आहे, वंशावळ निर्विवाद आहे. लुई आल्फोन्स यांचा मूळपुरुष म्हणजे चौदाव्या लुईचा नातू फिलिप. जाँ यांचा मूळपुरुष म्हणजे चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ, त्याचेही नाव फिलिपच, ऑर्लेआँचा ड्यूक. म्हणजे थोरली पाती स्पेनमध्ये आणि धाकटी फ्रान्समध्ये, एवढे सर्वांना मान्य आहे. सगळा वाद थोरल्या पातीच्या मूळपुरुषाने १७१२ साली लिहून दिलेल्या एका हक्कसोडपत्राभोवती फिरतो.

प्रकरण असे घडले. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस १७०० साली निपुत्रिक वारला आणि मृत्युपत्राने त्याने आपले सारे राज्य या फिलिपला दिले. तो पाचवा फिलिप म्हणून माद्रिदला गेला, तेव्हा चौदाव्या लुईने डिसेंबर १७०० मध्ये खास सनद काढून नातवाचा फ्रान्सच्या गादीवरचा हक्क अबाधित असल्याचे जाहीर केले. फ्रान्स आणि स्पेन उद्या एकाच माणसाच्या हाती जातील, या भीतीने युरोप आधीच अस्वस्थ होता आणि या सनदेने त्या भीतीला खतपाणीच मिळाले. युद्ध पेटले. त्यातच एप्रिल १७११ मध्ये लुईचा मुलगा, फेब्रुवारी १७१२ मध्ये थोरला नातू आणि पाठोपाठ मार्चमध्ये त्या नातवाचा थोरला मुलगा, असे एकामागून एक वारस गेले. उरला दोन वर्षांचा आजारी पणतू. तो दगावला असता तर गादी सरळ स्पेनच्या फिलिपकडे आली असती. इंग्लंडने तहाची अट म्हणून हक्कसोड मागितली, फिलिपने नोव्हेंबर १७१२ मध्ये स्वतःसाठी आणि आपल्या सर्व वंशजांसाठी ती लिहून दिली, मार्च १७१३ मध्ये लुईने १७०० ची सनद रद्द केली आणि एप्रिलमध्ये उट्रेख्टचा तह झाला. तो पणतू मात्र जगला आणि पंधरावा लुई म्हणून १७७४ पर्यंत राज्य करीत राहिला.

आता खरा प्रश्न असा की, फ्रान्सच्या राजपुत्राला असा हक्क सोडता येत होता का? जुन्या फ्रान्सला लिखित राज्यघटना नव्हती. 'राज्याचे मूलभूत कायदे' नावाची परंपरा होती आणि तिचा एकेक नियम एकेका पेचप्रसंगातून तयार झाला होता. १३१६ मध्ये दहाव्या लुईचा मरणोत्तर जन्मलेला मुलगा जेमतेम पाच दिवस जगला, तेव्हा मुलीला डावलून चुलत्याला गादी मिळाली. १३२८ मध्ये बहिणीच्या मुलाला, म्हणजे इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला, डावलून व्हाल्वा घराण्यातल्या चुलतभावाला राजा केले गेले. मुलगी नाही आणि मुलीकडून आलेला वंशजही नाही, हा नियम पक्का झाला, आणि त्यातून शंभर वर्षांच्या युद्धाला निमित्त मिळाले. पुढे १४२० मध्ये वेडसर झालेल्या सहाव्या चार्ल्सने त्र्वाच्या तहात स्वतःच्या मुलाला बेदखल करून इंग्लंडच्या राजाला वारस नेमले. याच सुमारास जाँ द तेरव्हर्मेय या कायदेपंडिताने असे मांडले की, राजाला गादी वारसा म्हणून मिळत नाही, ती कायद्याने त्याच्याकडे चालून येते. म्हणून तो ती कोणाला देऊ शकत नाही, कोणाकडून काढून घेऊ शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. आपल्याकडच्या देवस्थान इनाम जमिनीसारखी ही स्थिती आहे: गुरवाने पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट करावी, परंतु खरेदीखत किंवा हक्कसोड करू गेल्यास ते मुळातच पोकळ. बेदखल केलेला तो मुलगा पुढे सातवा चार्ल्स म्हणून राजा झालाच.

गंमत अशी की ही शंका आजच्या राजभक्तांनी मागाहून काढलेली नाही. १७१२ च्या वाटाघाटी चालू असताना खुद्द फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्याने, तोर्सीने, इंग्रज मंत्र्याला लेखी कळवले होते की आमच्या कायद्यानुसार अशी हक्कसोड निरर्थक ठरेल. इंग्रजांनी ती तरीही घेतली. १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेत हाच विषय निघाला, तीन दिवस खडाजंगी झाली आणि शेवटी १७९१ च्या राज्यघटनेत 'हक्कसोडीच्या परिणामाबाबत कोणताही पूर्वनिर्णय न देता' अशा अर्थाचे शब्द घालून सभेने हात झटकले. ज्या एकमेव लोकनियुक्त सभेपुढे हा प्रश्न थेट आला, तिने तो जाणूनबुजून अधांतरी ठेवला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

थोरल्या पातीला मानणाऱ्यांना लेजिटिमिस्ट म्हणतात. १८८३ मध्ये पंधराव्या लुईकडून आलेली फ्रान्समधली शाखा निर्वंश झाली, तेव्हा त्यांच्या हिशोबाने हक्क स्पेनच्या बूर्बाँमधल्या सर्वांत थोरल्या शाखेकडे, म्हणजे कार्लिस्ट राजपुत्रांकडे गेला. स्पेनमध्ये इझाबेला राणीच्या गादीवरून या कार्लिस्टांनी यादवी युद्धे केली होती. १९३६ मध्ये व्हिएन्नात शेवटचा कार्लिस्ट राजपुत्र निपुत्रिक वारल्यावर हा फ्रेंच दावा त्यांच्याच प्रतिस्पर्ध्याकडे, स्पेनच्या पदच्युत तेराव्या आल्फोन्सोकडे आला. कारण त्याचा आजोबा, इझाबेलेचा नवरा, हाही बूर्बाँच होता. १९४१ मध्ये आल्फोन्सोनंतर त्याचा मुलगा हाइमे. तो बहिरा असल्यामुळे त्याच्याकडून १९३३ मध्ये स्पेनचा हक्क सोडून घेतला गेला होता. हाइमे १९७५ मध्ये वारला, त्याचा मुलगा आल्फोन्सो जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत स्कीइंग करताना अपघाताने गेला, आणि चौदा वर्षांचे लुई आल्फोन्स वारसदार झाले. स्पेनचे आजचे राजघराणे हाइमेच्या धाकट्या भावाचे आहे. म्हणजे एकाच माणसाने सोडलेला स्पेनचा हक्क स्पेनमध्ये वैध ठरला आणि त्याच्या पूर्वजाने सोडलेला फ्रान्सचा हक्क लेजिटिमिस्टांच्या लेखी अवैध राहिला. यात विसंगती नाही. दोन देशांचे कायदे निराळे आहेत, एवढेच.

प्रतिसाद — शंकासुर

दप्तरदार यांनी बाजू उत्तम मांडली आहे, परंतु ती एकाच पक्षाची आहे. ऑर्लेआँ पक्षाचे म्हणणे इतक्या सहज मोडीत निघत नाही.

त्यांचा पहिला मुद्दा असा की, उट्रेख्टची हक्कसोड हा घरगुती कागद नव्हता. तो अनेक राष्ट्रांच्या तहाचा भाग होता, राजाने त्याला मान्यता दिली होती आणि पॅरिसच्या पार्लमां या सर्वोच्च न्यायसभेने त्याची नोंद केली होती. दुसरा मुद्दा परकीयत्वाचा. १५९३ मध्ये स्पेनच्या राजकन्येला फ्रान्सच्या गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा याच पार्लमांने परकीय राजपुत्र किंवा राजकन्येला गादी देणारा कोणताही करार रद्दबातल असल्याचा निर्णय दिला होता. परत येण्याचा विचार न ठेवता जो परदेशी स्थायिक झाला आणि ज्याच्या पिढ्या परक्या राजाच्या प्रजा म्हणून वाढल्या, तो फ्रान्सचा राजपुत्र राहत नाही, असे ऑर्लेआँ पक्ष त्यावरून म्हणतो. लेजिटिमिस्ट उत्तर देतात की तो निर्णय स्त्रीवंशाला रोखण्यासाठी होता, आणि ज्याच्यासाठी तो दिला गेला तो चौथा हेन्री स्वतःच नव्हारचा राजा होता, त्याचा जन्मही तेव्हा फ्रान्सबाहेर असलेल्या 'पो' या गावचा. उत्तर चांगले आहे. परंतु तिसरा हेन्री १५७३ मध्ये पोलंडचा राजा होऊन निघाला तेव्हा त्याचा फ्रान्समधला हक्क टिकावा म्हणून खास सनद काढावी लागली होती. दप्तरदारांनी सांगितलेली १७०० ची सनद त्याच धर्तीची होती. हक्क आपोआप टिकत असता, तर त्या सनदांची गरज काय होती? आणि सनद लागत असेल, तर १७१३ मध्ये ती रद्द झाल्यावर शिल्लक काय राहिले? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून कोठे मिळालेले नाही.

ऑर्लेआँ घराण्याने हा नियम स्वतःच्या माणसांनाही लावला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १८३० मध्ये गादीवर बसलेल्या ऑर्लेआँ राजाचा, लुई-फिलिपचा, नातू गास्ताँ याने १८६४ मध्ये ब्राझीलच्या वारस राजकन्येशी लग्न केले. त्याच्या वंशजांनी फ्रान्सच्या गादीवर दावा सांगू नये, असा घरगुती करार १९०९ मध्ये झाला.

मात्र याच घराण्यात उलट उदाहरणही आहे. सध्याच्या काउंटचे आजोबा, १९०८ ते १९९९ या काळातले हेन्री, यांनी मुलाने घटस्फोट घेऊन दुसरे लग्न केल्यावर १९८४ मध्ये त्याचा वारसाहक्क काढून घेतला आणि काही वर्षांनी परतही दिला. घराण्याच्या प्रमुखाला असे करता येत असेल, तर गादी ही खासगी मालमत्ता ठरते, आणि ऑर्लेआँ पक्षाचे एरवीचे सारे कायदेशीर पांडित्य लंगडे पडते. त्यांच्यातल्या अनेक अनुयायांनीही तो निर्णय मानला नव्हता.

प्रतिसाद — रेवाकाठ

संधी हुकल्याचा प्रश्न कायद्याच्या चर्चेत मागे पडू नये, म्हणून त्यावर लिहितो. संधी खरी होती, आणि ती जितक्या जवळ आली होती तितकी नंतर कधीच आली नाही.

फेब्रुवारी १८७१ मध्ये, प्रशियाकडून पराभव झाल्यानंतर, जी राष्ट्रीय सभा निवडून आली तिच्यात राजेशाहीवाद्यांचे स्पष्ट बहुमत होते. अडचण अशी की त्यांचे दोन राजे होते. एक शाँबोरचा काउंट हेन्री, दहाव्या चार्ल्सचा नातू. त्याच्या वडिलांचा फेब्रुवारी १८२० मध्ये खून झाला आणि हा त्यानंतर सात महिन्यांनी जन्मला. १८३० च्या क्रांतीत आजोबांबरोबर देश सोडला तेव्हा तो दहा वर्षांचाही नव्हता. दुसरा काउंट ऑफ पॅरिस फिलिप, त्याच क्रांतीने गादीवर बसवलेल्या लुई-फिलिपचा नातू. लुई-फिलिपच्या वडिलांनी १७९३ मध्ये सोळाव्या लुईच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले होते आणि त्याच वर्षी ते स्वतःही गिलोटिनखाली गेले. अशा दोन घरांनी एकत्र बसणे किती अवघड असेल, याची कल्पना करावी.

तरीही ते बसले. शाँबोरला मूलबाळ नव्हते आणि त्याने पन्नाशी ओलांडली होती. आधी त्याने राज्य करावे, त्याच्या मागे फिलिपने, असा सरळ मार्ग होता. ५ ऑगस्ट १८७३ रोजी फिलिप ऑस्ट्रियातल्या फ्रोसडॉर्फ येथे शाँबोरच्या वाड्यावर गेला आणि घराण्याचा प्रमुख म्हणून त्याने त्याला मान दिला. म्हणजे चौकस यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की भाऊबंदकी त्या क्षणी मिटली होती. घात झाला तो झेंड्यामुळे.

शाँबोरला बूर्बाँचा पांढरा झेंडा हवा होता. जुलै १८७१ च्या जाहीरनाम्यातच त्याने चौथ्या हेन्रीचा झेंडा आपण सोडणार नाही असे बजावले होते. सैन्य फ्रेंच क्रांतीच्या तिरंग्याखाली लढलेले होते, ऑर्लेआँ पक्ष तिरंग्याचाच होता, आणि सैन्याला पांढरा झेंडा पत्करायला लावणे अशक्य आहे हे राष्ट्राध्यक्ष मार्शल मॅकमहॉन, जो स्वतः राजनिष्ठ होता, ओळखून होता. ऑक्टोबर १८७३ च्या मध्याला शेनलाँ नावाचा प्रतिनिधी साल्झबर्गला जाऊन शाँबोरला भेटला आणि काहीशा मोघम शब्दांवर भरवसा ठेवून, तडजोड झाली अशी समजूत घेऊन परतला. पॅरिसमध्ये तयारी सुरू झाली. नव्या राजाच्या प्रवेशासाठी बग्ग्यासुद्धा तयार झाल्या. त्या एकदाही वापरल्या गेल्या नाहीत आणि पुढे शाँबोरच्या किल्ल्यात ठेवल्या गेल्या. २७ ऑक्टोबरच्या पत्रात शाँबोरने आपण काहीही कबूल केलेले नाही असे स्पष्ट लिहिले, ते वर्तमानपत्रात छापून आले आणि सारा डाव विस्कटला.

यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. नोव्हेंबरमध्ये शाँबोर गुपचूप व्हर्सायला आला, एका अनुयायाच्या घरी उतरला आणि मॅकमहॉनला निरोप धाडला. दोघांनी मिळून सभेत जावे, अशी त्याची अपेक्षा असावी. मॅकमहॉनने भेट नाकारली. २० नोव्हेंबरला सभेने मॅकमहॉनची मुदत सात वर्षांची केली. हेतू असा की तोवर शाँबोर वारेल आणि तिरंगा मानणाऱ्या फिलिपचा मार्ग मोकळा होईल. शाँबोर दहा वर्षे जगला. दरम्यान ३० जानेवारी १८७५ रोजी ३५३ विरुद्ध ३५२ अशा एका मताने 'प्रजासत्ताकाचा अध्यक्ष' हे पद कायद्यात आले.

मिटलेली भाऊबंदकी १८८३ मध्ये शाँबोरच्या अंत्यविधीतच उकरली गेली. त्याच्या विधवेने अंत्ययात्रेतला पहिला मान जवळच्या नातलगांना, म्हणजे परदेशस्थ बूर्बाँना दिला, आणि घराण्याचा वारस म्हणून तो मान आपला आहे असे समजणारा फिलिप दफनविधीला गेलाच नाही. बहुसंख्य लेजिटिमिस्ट तरीही नाइलाजाने फिलिपच्या मागे गेले. मूठभर स्पेनकडे वळले. आज जे दोन पक्ष दिसतात, त्यांची सुरुवात तेथे झाली.

चौकस

तिघांचेही आभार. दोन उपप्रश्न आहेत. सोळाव्या लुईचा मुलगा तुरुंगातून निसटला होता अशी कथा आहे. त्याचे वंशज या वादात नाहीत का? आणि बोनापार्ट घराण्यात तरी वारसाचा नियम सरळ आहे का?

प्रतिसाद — दप्तरदार

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. तो मुलगा, ज्याला सतरावा लुई म्हणतात, ८ जून १७९५ रोजी टेम्पलच्या तुरुंगात दहाव्या वर्षी वारला. त्यानंतर 'तो मीच' म्हणणारे डझनावारी निघाले. त्यांतला सर्वांत यशस्वी नाउनडॉर्फ नावाचा घड्याळजी. तो १८४५ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टला वारला आणि त्याच्या थडग्यावर राजाचेच नाव कोरले गेले. शवविच्छेदन करणाऱ्या पेलताँ या डॉक्टरने मुलाचे हृदय काढून ठेवले होते. २००० साली त्याच्या डीएनएची तुलना राणी मारी आंत्वानेत आणि तिच्या बहिणींच्या केसांशी झाली, आईकडचा वंश जुळला, आणि ८ जून २००४ रोजी ते हृदय सँ-दनी येथील राजसमाधींमध्ये ठेवण्यात आले. नाउनडॉर्फचे वंशज अजून हार मानत नाहीत. परंतु त्यांच्याकडे आता लक्ष देण्याचे कारण उरलेले नाही.

बोनापार्टांचा नियम कागदावर सरळ आणि प्रत्यक्षात वाकडा आहे. त्यांच्या गादीचा आधार मुळात जनमत कौल असल्यामुळे 'कायद्याने चालून येणारी गादी' ही कल्पना त्यांना बांधत नाही, आणि मृत्युपत्राने वारस बदलणे तेथे दोनदा घडले आहे. तिसऱ्या नेपोलियनचा एकुलता मुलगा इंग्रज सैन्याबरोबर आफ्रिकेत गेला आणि १ जून १८७९ रोजी झुलू योद्ध्यांच्या हल्ल्यात, तेविसाव्या वर्षी, मारला गेला. त्याने मृत्युपत्रात जवळचा वारस असलेल्या चुलत्याला वगळून त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाला, व्हिक्टरला, पुढे केले, आणि बाप-लेकात फूट पडली. १९९७ मध्ये व्हिक्टरच्या मुलाने, लुई नेपोलियनने, तेच केले. मुलगा चार्ल्स उघड प्रजासत्ताकवादी आणि घटस्फोटित, म्हणून त्याला वगळून नातवाचे, जाँ-ख्रिस्तोफ यांचे, नाव त्याने लिहून ठेवले. तेव्हा नातू अवघा दहा वर्षांचा होता. जाता जाता: या नातवाची आई बूर्बाँ घराण्याच्या नेपल्स शाखेतली आहे. स्त्रीवंश चालला असता, तर त्यांच्या अंगी दोन्ही बाजूंचे रक्त आहे.

प्रतिसाद — निवाडा

सरकार आणि न्यायालय हा प्रश्न राहून गेला आहे, म्हणून भर घालतो.

सरकारने कधीही कोणा एकाची निवड केली नाही; सर्वांना एकाच मापाने मोजले. १८८४ च्या घटनादुरुस्तीने फ्रान्सवर राज्य केलेल्या घराण्यांतील व्यक्तींना राष्ट्राध्यक्षपदासाठी अपात्र ठरवले. मे १८८६ मध्ये काउंट ऑफ पॅरिसच्या मुलीचे पोर्तुगालच्या युवराजाशी लग्न ठरले, त्यानिमित्त पॅरिसमध्ये झालेल्या स्वागतसमारंभाचा थाट पाहून प्रजासत्ताकवादी खवळले आणि २२ जूनला हद्दपारीचा कायदा झाला. त्याने राज्य केलेल्या घराण्यांचे प्रमुख आणि त्यांचे थेट ज्येष्ठ वारस यांना देशात राहण्यास बंदी केली. म्हणजे प्रमुख कोण हे ओळखल्याशिवाय हा कायदा अमलात आणणे शक्य नव्हते, आणि व्यवहारात ऑर्लेआँ व बोनापार्ट यांच्यावर तो बजावला गेला. ऑर्लेआँ पक्षाने याचा उपयोग दाव्याला पुरावा म्हणून फारसा केला नाही. हद्दपारीच्या नोटिशीला मानपत्र म्हणणे जरा अवघडच. कायदा २४ जून १९५० रोजी रद्द झाला.

न्यायालयात प्रकरण गेले ते १९८० च्या दशकात, तेही गादीसाठी नव्हे, तर किताब आणि चिन्ह यांसाठी. लुई आल्फोन्स यांचे वडील आल्फोन्सो 'ड्यूक ऑफ आंजू' हा किताब आणि निळ्या ढालीवरची तीन सोनेरी लिलीची फुले, काहीही भर न घालता, वापरू लागले. राजचिन्हांच्या शास्त्रात धाकट्या पातीने ढालीच्या वरच्या भागात दातेरी आडवी पट्टी घालायची असते. ती नसणे म्हणजे मीच थोरला, असे जाहीर करणे. ऑर्लेआँ घराण्याच्या हेन्रींनी, म्हणजे सध्याच्या काउंटच्या वडिलांनी, दोन्हींना मनाई मागितली. पॅरिसच्या न्यायालयाने २१ डिसेंबर १९८८ रोजी दावा फेटाळला. घराण्यांतल्या गादीच्या चुरशीत लवाद होणे हे प्रजासत्ताकाच्या न्यायालयाचे काम नाही, असे न्यायालयाने म्हटले. चिन्ह वापरल्याने आपले कोणते कायदेशीर नुकसान होते हे वादी दाखवू शकले नाहीत. नोव्हेंबर १९८९ मध्ये अपिलातही तेच कायम झाले. तोवर प्रतिवादी आल्फोन्सो हयात नव्हते. लेजिटिमिस्ट हा आपला विजय म्हणून सांगतात. माझ्या मते निकालाचा अर्थ तेवढा नाही. न्यायालयाने मनाई नाकारली, थोरलेपणावर शिक्का मारलेला नाही.

येथे आपल्या देशाशी तुलना उपयोगी पडते. भारतात संस्थाने विलीन झाल्यावरही गादीचा वारस ठरवणारा अधिकारी शिल्लक होता: राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ च्या खंड २२ नुसार राष्ट्रपती ज्याला मान्यता देतील तो संस्थानिक. त्यामुळे ग्वाल्हेर असो की कोल्हापूर, दोन दावेदार उभे राहिल्यास दिल्लीच्या एका आदेशाने सरकारपुरता प्रश्न मिटत असे, कारण त्यावर तनखा अवलंबून होता. सप्टेंबर १९७० मध्ये सरकारने एका फटक्यात सर्वांची मान्यता काढली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधवराव शिंदे यांच्या खटल्यात तो आदेश रद्द केला, आणि अखेर डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मान्यता आणि तनखे दोन्ही संपले. तेव्हापासून आपल्याकडचे वाद वाडे, जमिनी, न्यास आणि देवस्थानांचे मान यांचे झाले आहेत, आणि ते दिवाणी न्यायालयात चालतात. फ्रान्समध्ये मान्यता देणारा अधिकारी कधी नव्हताच, आणि ज्या न्यायसभेने १५९३ किंवा १७१३ मध्ये असे प्रश्न हाताळले, ती पार्लमां १७९० मध्ये मोडीत निघाली. शंकासुर यांनी सनदांबद्दल जो प्रश्न विचारला आहे, तो ऐकून घेण्याचा अधिकार असलेले न्यायपीठच आता अस्तित्वात नाही.

प्रतिसाद — शंकासुर

निवाडा यांचे म्हणणे मान्य, परंतु हद्दपारीच्या कायद्याबाबत एक पुस्ती जोडतो. १८८६ मध्ये देश सोडावा लागलेल्या काउंट ऑफ पॅरिस फिलिपच्या जागी स्पेनमधला कार्लिस्ट राजपुत्र 'प्रमुख' धरला गेला असता, तर फिलिप पॅरिसमध्येच राहिला असता. तेव्हा निदान प्रजासत्ताकाच्या गृहखात्यापुरते, उट्रेख्टची हक्कसोड वैध होती असे म्हणायला मी तयार आहे. दप्तरदार यावर काय म्हणतात?

प्रतिसाद — दप्तरदार

गृहखात्याने धोका कोणाचा ते पाहिले, हक्क कोणाचा ते नव्हे. कार्लिस्ट राजपुत्रामागे फ्रान्समध्ये मूठभर माणसे होती. त्याला हद्दपार करण्याचे कष्ट कोण घेईल? १७०० च्या सनदेबद्दल मात्र आपला आक्षेप वजनदार आहे. लेजिटिमिस्टांचे त्यावर उत्तर असे की तिसऱ्या हेन्रीची आणि पाचव्या फिलिपची सनद ही आधीच असलेल्या हक्काची कबुली होती. ज्या सनदेने हक्क दिलाच नाही, ती रद्द झाल्याने हक्क जात नाही. सनदेची मूळ भाषा या अर्थाला बरीचशी अनुकूल आहे. तरी परदेशी जन्मलेल्यांना वारसा घेता येत नाही या त्या काळच्या साध्या दिवाणी नियमातून राजवंश आपोआप सुटतो की सनदेनेच सुटतो, हा मुद्दा तिच्यात मोकळाच राहिला आहे.